जोड त्याचा, गाठ माझी

४ मार्च, सोमवार

बाबांचा नियम होता की तीन दिवसांत दोष सापडला नाही तर त्या गाडीची वही काढायची. रोज लिहायचं. काय बघितलं, आणि काय बघायचं टाळलं. "मूर्खपणा डोक्यात असतो तोवर शहाणा वाटतो, कागदावर आला की ओळखू येतो," असं म्हणायचे. ते गेल्यापासून मी वही काढली नव्हती. आज काढली.

गाडी मोठी, गडद हिरवी, खिडक्यांपर्यंत चिखल. मालक जनावरांचे डॉक्टर. गाडीला स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. एक बटण दाबलं की गाडी वर उठते, दुसरं दाबलं की खाली येते. हे सगळं सांभाळणारा एक इलेक्ट्रॉनिक डबा आहे, आणि त्या डब्याचा पंधरा अँपिअरचा फ्यूज जातो. नवा घातला की कधी आठ दिवस टिकतो, कधी दोन. गेला की गाडी हळूहळू पोटावर बसते. "माजलेल्या गाईसारखी," असं डॉक्टर म्हणाले. "उठवायला गेलं की माझ्याकडेच बघते."

आधी ही गाडी पुलापलीकडच्या मोठ्या वर्कशॉपात होती. तिथल्या कुणीतरी ती माझ्याकडे धाडली.

"कुणी?" मी विचारलं.

"होता एक जण. कमी बोलत होता. म्हणाला, हे काम त्यांच्याकडेच न्या. आणि म्हणाला, त्यांना सांगा, मागची चाकं जॅकवर हवेत लोंबू द्या आणि मग बघा."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. मोठं वर्कशॉप, काचेच्या भिंती, चाळीस माणसं, त्यांना दोष सापडत नाही आणि वर मला शिकवणी. नाचता येईना अंगण वाकडं. बाबांनी शिकवलंय की गाडी रस्त्यावर जशी उभी असते तशीच, चारही पायांवर, तपासायची. त्यासाठीच आमच्याकडे खड्डा आहे. जॅक चाक बदलायला असतो.

तीन दिवस त्या डब्याच्या तारा मोजल्या. सगळं ठीक आहे.

या वहीत फक्त गाडीबद्दल लिहायचं.

६ मार्च, बुधवार

आज फ्यूजच्या जागी बल्ब जोडला. ही आमच्या घरची जुनी युक्ती. फ्यूज बिचारा एकदाच जातो आणि काहीच सांगत नाही. बल्ब मात्र बोलतो. सगळं ठीक असेल तर मिणमिणतो, तार कुठे लोखंडाला टेकली की भक्कन पेटतो. लांब वायर घेऊन बल्ब आतल्या आरशाला टांगला आणि खड्ड्यात उतरले. खाली एक-एक तार हलवायची आणि वर बल्ब पेटतो का बघायचं.

आता खड्ड्यातून आरसा दिसत नाही. म्हणून तार हलवायची, वर यायचं, बघायचं, पुन्हा उतरायचं. खड्ड्याला सात पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी आज त्या मोजल्या.

हे दोन माणसांचं काम आहे. एक खाली, एक सीटवर. सीटवरच्यानं चावी फिरवायच्या आधी विचारायचं, "देऊ का?" आणि खालच्यानं हात काढून घेऊन "दे" म्हणेपर्यंत बोटसुद्धा हलवायचं नाही. बाबांच्या बोटाला एकदा झटका बसला होता, तेव्हापासूनचा नियम. डावऱ्या, माझा धाकटा भाऊ, सात वर्षांचा असल्यापासून सीटवर बसायचा. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते, पण "देऊ का?" असं विचारायचा ते मोठ्या साहेबासारखं.

फक्त गाडीबद्दल लिहायचं ठरलं होतं. असो. दाराच्या आतल्या कडेला हिरव्याखाली पांढरा रंग दिसतो. मागे कधीतरी रंगवलेली आहे. गाडी परत दिली, डॉक्टरांना सांगितलं की फ्यूज जाईल तेव्हा कुठे होतात, काय करत होतात, सगळं टिपून ठेवा.

"म्हणजे रोग्याचा इतिहास," ते म्हणाले. "माझे रोगी बोलत नाहीत."

"माझेही."

"तुमचे लाथ मारत नाहीत, म्हणून तुम्ही त्यांना शिव्या तरी घालत नसाल."

"घालते," मी म्हटलं.

९ मार्च, शनिवार

फ्यूज गेला. डॉक्टरांचा फोन गोठ्यातून. मागे कुणीतरी हंबरत होतं. गाडी चिखलाच्या वाटेवर होती, वर उठवलेली होती, गेट ओलांडताना गेला. त्यांनी माझ्याकडचा एक फ्यूज बसवला आणि निघाले.

गेट ओलांडताना. चिखल. मला वाटतं पाणी शिरतंय कुठेतरी.

१० मार्च, रविवार

रविवारी गॅरेज बंद असतं, पण मी खाली आले. अवजारांच्या फळीपुढे बसले. बाबांनी फळीवर प्रत्येक अवजाराची आकृती पांढऱ्या रंगानं रेखली आहे, म्हणजे कुठलं परत आलं नाही ते लगेच कळतं. एकच आकृती रिकामी आहे. लहान पक्कड, मूठ उलट्या बाजूला वाकवलेली, डाव्या हातासाठी बाबांनी स्वतः वाकवलेली. तीन वर्षं रिकामी आहे. दुसरी पक्कड तिथे टांगून बघितली होती. आकृतीत बसत नाही.

जेवताना आई म्हणाली, "त्या वर-खाली होणाऱ्या गाडीचं काय झालं? सापडलं का?"

मी म्हटलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तूच ना," आई म्हणाली आणि भांडी घासायला उठली. माझ्या लक्षात नाही. सांगितलं असेल. हल्ली मी भिंतीशीसुद्धा बोलते, मग आईशी बोलले असेन.

१४ मार्च, गुरुवार

डॉक्टरांना मदतीला घेतलं. त्यांना सीटवर बसवलं, मी खड्ड्यात. नियम समजावला. आधी विचारायचं, मग उत्तराची वाट बघायची. "समजलं," म्हणाले. मी अजून तार धरून उभी आहे तोच गाडी फुस्स करत खाली आली आणि माझं कपाळ एक्झॉस्टला आपटलं.

"विचारायचं होतं ना!"

"मी मनात विचारलं," डॉक्टर म्हणाले. मग खाली वाकून माझं कपाळ बघितलं आणि म्हणाले की गाय असती तर टाका घातला असता.

नंतर गाडी पूर्ण वर घेतली, पूर्ण खाली घेतली, दहा वेळा. बल्ब मिणमिणताच. मला जरा बरंच वाटलं. म्हणे चाकं लोंबू द्या.

"त्या वर्कशॉपातला तो माणूस," मी सहज विचारलं, "कुठल्या विभागातला?"

डॉक्टर कोटाचं बटण लावायला लागले. "मला कसं कळणार? टोपी घातली होती."

माझा भाऊ तिथे काम करतो हे मला माहीत आहे. पण तो अवजड ट्रकांकडे असतो, आईनंच सांगितलं होतं. तिथे चाळीस माणसं आहेत. आणि तो माझ्याकडे एक खिळासुद्धा पाठवणार नाही.

१५ मार्च, शुक्रवार

डोकं दुखतंय. लिहिण्यासारखं काही नाही.

१९ मार्च, मंगळवार

सापडलं! डब्याच्या खालच्या बाजूला अर्थिंगची तार ज्या बोल्टला बसते तो बोल्ट गंजून हिरवा झाला होता. चिखलाचं पाणी, ओल, गंज. घासून चकचकीत केला, नवी तार घातली, वर ग्रीस फासलं. गुणगुणत होते, असं आई वरून म्हणाली. शेजारच्या टायरवाल्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, आईला सांगितलं.

आई म्हणाली, "म्हणजे मागच्या चाकाजवळ नव्हतं?"

"मागच्या चाकाचा काय संबंध?"

"नाही, आपलं विचारलं."

पांढऱ्या खडूनं फळीखाली तारीख लिहिली. बाबा लिहायचे तशी. डावऱ्याला हे सांगितलं असतं तर त्यानं नुसती मान हलवली असती, पण जेवताना मला दुसऱ्यांदा वाढलं असतं. त्याचं कौतुक तसंच असायचं.

२१ मार्च, गुरुवार

काल फ्यूज गेला. गाडी वाटेतच पोटावर बसली. डॉक्टर पिशवी घेऊन पायी निघाले, पाऊण तास चालले. पोचले तेव्हा वासरू गेलं होतं, गाय वाचली.

ते माझ्यावर रागावलेही नाहीत. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. एवढंच म्हणाले, "ताई, महिनाअखेर गाडी विकतो. मला अशी गाडी परवडत नाही. म्हणजे जनावरांना."

पांढऱ्या खडूची तारीख पुसली. हात दाखवून अवलक्षण.

आता काय बघायचं राहिलं? चाक लोंबकळवून बघायचं राहिलं. ते मी करणार नाही. नियम आहे की टाळलेलं लिहायचं, म्हणून लिहिलं. का टाळते ते लिहायचा नियम नाही.

२३ मार्च, शनिवार

बल्ब आणायला पुलापलीकडे गेले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला बल्ब मिळतात, हे मला माहीत आहे.

वर्कशॉपाच्या काचेसमोर थांबले. आत गाड्या खांबांवर उचललेल्या होत्या, चाकं लोंबत होती. ट्रक एकही दिसला नाही. एका गाडीखाली माणूस उभा, तोंड वर, टोपीची झापड मागे. त्यानं डावा हात मागे केला, पंजा उघडा. घरी आम्ही असंच करायचो. न बघता हात मागे करायचा, आणि हवं ते अवजार दुसऱ्यानं त्यात ठेवायचं. काय हवंय ते सांगावं लागायचं नाही.

हात तसाच राहिला. कुणी काही ठेवलं नाही. मग त्याला आठवलं असावं, त्यानं हात खाली घेतला, स्वतःच वाकून पाना उचलला.

मला काच फोडून आत जावंसं वाटलं. मी परत आले. बल्ब घ्यायचे राहिले.

किती आठवण येते ते या वहीत नाही तर कुठे लिहायचं? सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. तीन वर्षांत हात सुधारला नाही. एखादा बारीक जोड असला की अजून मागे वळून "हे तू कर" म्हणायला तोंड उघडतं. बारीक जोड तोच करायचा. तारेचा एक-एक धागा दुसऱ्याच्या धाग्यांत गुंफायचा, डाव्या हातानं, उलट्या पिळानं, आणि वरून टेप लावला की बोट फिरवून कळायचं नाही की इथे तार तुटली होती. मग मी मेणदोऱ्यानं तारांचा सगळा जुडगा बांधायची, गच्च, तीन वेढे आणि गाठ. "तार हलली की मेली," हे बाबांचं वाक्य. जोड त्याचा, गाठ माझी. अशी शेकडो कामं आम्ही केली.

शाळेची ती व्हॅन जळली तेव्हा आत कुणी नव्हतं, उभ्या जागी पेटली, एवढं नशीब. पण आमच्या कामानंतर आठवड्यात जळली होती. गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती, व्हॅनवाला ओरडत होता, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "जोड याचा होता. डाव्या हाताचं काम, शेवटी डावंच." हे मी म्हणाले. लहानपणापासून त्याला डावऱ्या म्हणून चिडवणाऱ्यांशी मीच मारामाऱ्या केल्या होत्या.

त्यानं एवढंच विचारलं, "ताई, तू जोड बघितलास?"

"जळून कोळसा झालाय. काय बघू?"

त्यानं गॅरेजची किल्ली फळीखाली ठेवली, पक्कड खिशात घातली आणि गेला. मला वाटलं, जेवायला येईल.

२६ मार्च, मंगळवार

सगळं क्रमानं लिहिते.

डॉक्टर शेवटचं म्हणून आले. गिऱ्हाईक बघायला येणार आहे, निदान तोवर चालू राहू दे, म्हणाले. मी फ्यूज काढून पुन्हा बल्ब लावला, आरशाला टांगला. खड्ड्यात उतरणार तेवढ्यात दिसलं की मागच्या उजव्या चाकात बोटाएवढा खिळा आहे. म्हटलं आधी चाक बदलू. डॉक्टर सीटवर बसून बातम्या ऐकत होते. मी जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं, खाली लोंबलं.

डॉक्टर म्हणाले, "ताई, हा दिवा पेटला."

मी वर बघितलं. भक्क पिवळा उजेड. जॅक खाली केला, मिणमिणला. वर केला, पेटला. पाच वेळा केलं. हातातला पाना ठेवायचं सुचलं नाही.

चाक काढलं, टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. चाकाच्या मागे एक लोखंडी पट्टी आहे, तिच्यावरून तारांचा जुडगा जातो. गाडी उभी असते तोवर जुडगा ठीक. चाक खड्ड्यात लोंबलं की जुडगा खाली ओढला जातो, आणि त्याला ओढ सहन करायला जागाच नव्हती, कारण तो पट्टीला बांधलेला होता. गच्च. ओढून ओढून पट्टीच्या कडेनं तारेचं कवच कापलं होतं, तांबं उघडं पडलं होतं. गेट ओलांडताना चाक चरात जायचं, तांबं पट्टीला टेकायचं, फ्यूज जायचा. चाक वर आलं की सगळं पुन्हा ठीक.

मेणदोरा. तीन वेढे आणि गाठ.

"डॉक्टर, ही गाडी आधी कुठल्या रंगाची होती?"

"पांढरी. हॉटेलवाल्याकडून घेतली. पांढऱ्यावर चिखल दिसतो म्हणून रंगवली. का?"

हॉटेलवाल्याची पांढरी गाडी. उंदरांनी मागची तार कुरतडली होती. चार वर्षं झाली. डावऱ्यानं जोडली, मी बांधली.

गाठीपासून बोटभर अंतरावर टेप होता. सोडवला. आतला जोड कालच केल्यासारखा होता. धागा धाग्यात, उलटा पीळ, तांबं अजून लालसर. चार वर्षांचं पाणी, शेण, चिखल, आणि एक धागा सुटला नव्हता. ओढून बघितला. दोन्ही हातांनी ओढला. काहीही झालं नाही.

मी तिथेच चाकाच्या जागेत डोकं घालून बसून राहिले. डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, डोळ्यात गंज गेला.

व्हॅनचं काम मागच्या आसाजवळ होतं. रोज वीस पोरं चढायची, गाडी खाली दबायची. उतरायची, वर यायची. तिथली तार हलणारच होती. आणि मी ती हलू नये म्हणून बांधली होती. गच्च. बाबांच्या जुन्या ताठ गाड्यांना चालायचं ते. चोर सोडून संन्याशाला फाशी. गाठ माझी होती.

२७ मार्च, बुधवार

सकाळी आईला सांगितलं. सांगताना आवाज मोठा झाला, जणू तिचीच चूक. ती शांतपणे ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, "हो. तो म्हणाला होता."

"कोण?"

"कोण काय? धाकटा. गाडी त्यानं खांबांवर घेतली त्याच दिवशी त्याला दिसलं. संध्याकाळी मला फोन केला. म्हणाला, आई, ताईची गाठ सापडली."

तीन वर्षं हे दोघं फोनवर बोलतात. मी गॅरेजमध्ये असताना. आणि ट्रकांकडे असतो ती थापच होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, अशी तू." आईनं माझ्यापुढचा गार झालेला चहा उचलून नेला. "तोच म्हणाला, तिला कुणी सांगायचं नाही. सांगितलं तर ती भांडेल. तिचं तिला दिसू दे. मग म्हणाला, चाक लोंबू द्या एवढं मात्र डॉक्टरांकडून कळवतो, नाहीतर तिचे गुडघे जातील."

मी खूप चिडले. मला परीक्षेला बसवलं, धाकट्यानं, आणि आईनं पहारा केला. पायऱ्या आपटत खाली आले. फळीसमोर उभी राहिले आणि राग कुठे गेला कळलं नाही. त्याच्या हातात पुरावा आला होता. तो चार गिऱ्हाइकांना घेऊन येऊ शकला असता, मोठ्यानं बोलू शकला असता, मी बोलले होते तसं. त्यानं गाडी पाठवली. मला दिसलं नसतं तर बहुतेक गप्पच राहिला असता, जन्मभर.

आणि मला वाटत होतं की तो माझी वाट बघत नाही.

फोन हातात घेतला, ठेवला. काय बोलणार? तीन वर्षांनी "कसा आहेस"?

दुपारी डॉक्टर गाडी न्यायला आले. मी कापलेली तार जोडली आहे, मला जमेल तशी, त्याच्यासारखी नाही. त्याचा जोड तसाच ठेवला. जुडगा पट्टीपासून दूर घेतला, वर रबर घातलं, आणि चाक पूर्ण लोंबेल एवढी ढील सोडून सैल बांधला. पण तपासल्याशिवाय गाडी देणार नाही म्हटलं.

"तुमच्या त्या कमी बोलणाऱ्या माणसाला एक निरोप द्याल का?"

डॉक्टर कोटाचं बटण शोधायला लागले. कोट घातलेला नव्हता. "सांगा."

"म्हणावं, चाक लोंबू दिलं. दिसलं."

"एवढंच?"

"एवढंच."

ते दारापर्यंत गेले आणि वळले. "ताई, गाडी विकत नाही मी."

२८ मार्च, गुरुवार

सकाळी लवकर गाडी खड्ड्यावर घेतली. मागचं उजवं चाक जॅकवर उचललं, खाली लाकडाचे ओंडके दिले, बल्ब काढून खरा फ्यूज बसवला. चावी लावून ठेवली, फिरवली नाही. डॉक्टर नऊला येतो म्हणाले होते. खड्ड्यात उतरले आणि जुडग्याला हात लावून बघत राहिले, कुठे ताणतोय का. नाही ताणत. सैल गाठीची सवय नाही मला, सारखं वाटतं सुटेल.

वर पावलं वाजली. दार उघडलं, सीट करकरली.

"डॉक्टर," मी ओरडले, "आज मनात विचारू नका! तोंडानं विचारा, आणि कशालाही हात लावू नका!"

सीट पुन्हा करकरली आणि आवाज आला.

"देऊ का?"

मी तार धरून उभी. हात काढून घ्यायचा असतो, मग "दे" म्हणायचं असतं. मला दोन्ही जमेना. नियम असा आहे की खालून उत्तर आल्याशिवाय वरच्यानं चावीला बोट लावायचं नाही. त्यानं लावलं नाही. मी दुपारपर्यंत गप्प राहिले असते तर तो दुपारपर्यंत तसाच बसला असता, हे मला माहीत होतं. तीन वर्षं बसलाच होता की.

"ताई? देऊ का?"

"थांब," मी म्हटलं. "व्हॅनची पण गाठ माझीच होती."

"माहितीये."

"जोड बघितला मी. आज. म्हणजे परवा. चांगला आहे."

वर तो हसला की रडला, खड्ड्यातून कळत नाही.

"हात काढलास का?" त्यानं विचारलं.

मी हात काढून घेतला, पुसला.

"दे," मी म्हटलं.

त्यानं चावी फिरवली. गाडी हवा भरत डोक्यावर उठली, चाक आणखी खाली लोंबलं, जुडगा त्याच्याबरोबर सावकाश खाली आला आणि थांबला. फ्यूज गेला नाही.